पुष्पांजलीची हळद

धाड
३ डिसेंबर २०२४

सरवरी,

वर नमस्कार लिहिला नाही. विसरली असं समजू नको, मुद्दाम लिहिला नाही.

पाकीट पाहून तू म्हणशीन, सिंधूनं फोन सोडून हे काय काढलं. तर फोनवर माह्या भरोसा राहिला नाही. तुह्यावर राहिला की नाही, ते तुह्या उत्तरावर ठरन. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथली बाई म्हणे, ताई, कोर्टाचं काम आहे काय? म्हटलं, तसंच समज.

आता ऐक. मागच्या आठवड्यात वरच्या आळीत हळद होती. वीस वर्षांत पहिल्यांदा मले बोलावणं नव्हतं. डीजे आणला होता त्याइनं. आणू दे. मी घरी भाकरीचं पीठ मळून राह्यली होती, अन् त्या डब्ब्यातून आवाज आला:

जालन्याच्या बाजाराची हळद आणली पदरात,
पुष्पांजली बसली अंगणी, मावशी उभी दारात.

माह्ये हात पिठातच राहिले. अवं माय, हे तर माह्यं गाणं!

तू म्हणशीन, हळदीची गाणी साऱ्याइचीच असतात. असतात. पण मग पुष्पांजली कोण आहे, सांग बरं? लग्नात आपण नवरीचं नाव घालतो. तालमीत जित्या पोरीचं नाव घालायचं नाही, कारण हळद नसताना कोणाची हळद म्हणणं बरं नाही. तुले पोरगी नाही, मले पोरगी नाही. म्हणून दोघींनी मिळून नसलेल्या पोरीचं नाव ठेवलं, पुष्पांजली. ते नाव माह्या मधल्या खोलीच्या बाहेर कधी गेलं नाही. ते दोघींलेच माहीत. मले अन् तुले.

अन् हा अंतरा तर नवाच होता. जून महिन्यात म्या तो जुळवला, अन् दुपारीच फोनचं ते बोलायचं बटण दाबून तुले म्हणून पाठवला. तुलेच, सरवरी. तुह्या त्या ढोलकच्या फोटोवर बोट ठेवून. तू त्यावर गुलाबाचं फूल पाठवलं होतं, टाळ्या पाठवल्या होत्या. तसं बोलली तर तू कधीच नाही. वर्षभर मी बोलून राह्यली अन् तू फुलं पाठवून राह्यली. वरून डीजेच्या जाहिराती, मंडपाचे फोटो, बुकिंग चालू आहे म्हणून. मले कायले दाखवते व ते? देऊळगाव राजाले जाऊन सरवरी किती मोठी झाली ते कळावं म्हणून?

गाणारी जालन्याची कोणी अनुपमा आहे म्हणे. दोन लाख लोकांनी पाह्यलं. धाडच्या बाजाराचं तिनं जालन्याच्या बाजाराचं केलं. गाव बदललं, पोरीचं नाव बदलायचं राहून गेलं. चोर कुठंतरी सापडतेच.

आमच्या दिराची दीपमाला तुले माहीत आहे, तुह्या ढोलकवर नाचत मोठी झाली. फेब्रुवारीत तिची हळद आहे. परवा मले म्हणते, काकू, ते अनुपमाचं गाणं म्हणशीन ना व? माह्या घरातली पोट्टी मले माह्यंच गाणं तिचं म्हणून मागते. जीव जाते का राह्यते असं झालं.

ते गाणं तू कोणाले दिलं अन् काऊन दिलं, एवढंच लिही.

सिंधू

ता.क. मागच्या शुक्रवारी फोनवर तुले जे बोलली, ते रागात बोलली. पण परत घेत नाही.


देऊळगाव राजा
१२ डिसेंबर २०२४

सिंधू,

सलाम. तू नमस्कार गाळला, मी सलाम घालते. कोणाच्या घरचं वळण कसं ते दिसू दे.

मी सांगून राह्यली, हीना लिहून राह्यली. माह्या तौसिफच्या निकाहाआधी या सूनबाईच्या हळदीले तूच गायली होती, म्हणून ही तुले अजून सिंधूमावशी म्हणते. ही बिचारी तुह्ये शब्द वाचून दाखवताना अडखळत होती.

कोणतं गाणं? कोणता गुलाब? कसम खाऊन सांगते, वर्षात तुह्याकडून मले एक शब्द आला नाही. गाव सोडलं तेव्हा तू वेशीपर्यंत आली होती, त्याच्यानंतर तू अन् मी बोललोच नाही. ईदले तुले फोन लावला, तर आतून बाई बोलली, हा नंबर वापरात नाही. दुसऱ्या दिवशी परत लावला, तीच बाई. मी काय समजायचं? हेच समजली, की सिंधूनं नंबर बदलला अन् मले सांगितला नाही. पोराच्या मागं गाव सोडून आली याचा राग धरला. दीड महिना माह्या घशाखाली शिरखुर्म्याचा विचार सुद्धा उतरला नाही, दरवर्षी पहिली वाटी तुह्या घरी जात होती म्हणून.

अन् शुक्रवारी तू मले काय बोलली व? मले ऐकूच आलं नाही, अन् तू ते परत घेत नाही!

जाहिराती तर भलतंच. माह्याकडे ढोलक एक आहे अन् तिचीही एक बाजू ढिली झाली. तौसिफचं जळालेल्या मोटरी भरायचं, वायंडिंगचं दुकान आहे, त्यावर घर चालते. मी मोठी झाली म्हणते ना तू, तर ऐक. या लगीनसराईत माह्याकडे चार हळदींची सुपारी होती. चारही ठिकाणाहून नाही आलं. मंदिरामागं संजीवनी राह्यते, भजनाचं मंडळ चालवते, मले इथं पहिलं काम तिनं दिलं, या चारातली एक सुपारीही तिचीच. तीही आता रस्त्यात दिसली की भाजीवाल्याशी बोलायले लागते. कारण कोणी सांगत नाही. दोन आठवडे मी हेच विचारत होती खुदाले, की म्या कोणाचं काय बिघडवलं?

अन् तेवढ्यात तुह्यं पत्र आलं. आता मले वाटून राह्यलं की तूच कोणाजवळ काही बोलली. बोलली असशीन तर तोंडावर सांग.

सरवरी

मावशी, मी हीना. पत्र सांगताना अम्मी दोनदा उठून मोरीत गेल्या. तुमचा नवा नंबर लिहून पाठवाल का? मी स्वतः फोन करीन.


धाड
१८ डिसेंबर २०२४

सरवरी,

इतकं सफाईनं खोटं बोलायले सुद्धा हिंमत लागते. तुह्यात ती आधी नव्हती.

एक शब्द आला नाही म्हणते. मग गुलाब काय आभाळातून पडले? आज तुह्यं पत्र हातात होतं, अन् तेवढ्यात फोन वाजला. पाह्यते तर ढोलकचा फोटो, अन् तुह्याकडून नवीन जाहिरात. 'देऊळगाव राजा, महिला ढोलक पथक, सर्व शुभकार्यासाठी.' ढोलक ढिली झाली म्हणणारीनं पथक काढलं! आता हेही तू नाही पाठवलं काय? ढोलकचा फोटो तुह्या नाही काय?

हीना नंबर मागते. कायले? आणखी काय भरून घ्यायचं राहिलं? मी आता फोनले हात लावत नाही, डाळीच्या डब्ब्यात ठेवला आहे.

विचार करकरून माह्यं डोकं फुटायची वेळ आली. पहिले वाटलं, गणेशचं काम असन. आमच्या इथला तो मंडपवाला गणेश, त्यानंच मले हा फोन घेऊन दिला होता. जुना हौदात पडला, तो नंबरासकट गेला. नवं सिम त्यानं टाकलं, बोलायचं बटण त्यानं शिकवलं, म्हातारपणी कलावंताले मानधन मिळते म्हणून माह्यं नाव कुठं कुठं घातलं. म्हणून त्याले धरलं बाजारात. तर हसायले लागला. म्हणे, सिंधूकाकू, तुमचं गाणं तर साऱ्या जिल्ह्यानं ऐकलं. आता त्या अनुपमानं गायल्यावर ऐकणारच ना जिल्हा. त्याच्या हसण्यात मले काही खोट दिसली नाही.

लोक तर असे झाले की बाजारात मले काही विचारत नाहीत, ह्यांची तब्येत विचारतात. चेहरा करून विचारतात, अन् मागं वळून हसतात. काय चाललं ते कळत नाही.

मग उरलं कोण? तुह्या फोन दिवसभर कोणाजवळ राह्यते? दुकानात, तौसिफजवळ. तू अडाणी, तुले बटण कळत नाही, हे मी समजू शकते. पण पोट्ट्याले सारं कळते. त्याले विचारून पाह्य, आईच्या फोनवरचं गाणं जालन्याले कोणाले दिलं. त्याच्या डोळ्यात पाहून विचार.

तुह्या सुपाऱ्या गेल्या त्याचं वाईट वाटलं. पण म्या कोणाजवळ काही बोलली नाही. बोलली ते तुले एकटीले बोलली.

सिंधू


देऊळगाव राजा
२ जानेवारी २०२५

सिंधू,

हे शेवटचं पत्र.

माह्यावर बोलली, सोसलं. पोरावर बोलली, ते सोसत नाही. तौसिफनं तुह्यं पत्र स्वतः वाचलं, मी लपवलं होतं तरी. जेवला नाही. फोन माह्यासमोर ठेवला अन् म्हणे, अम्मी, आजपासून हा तुह्याचजवळ राहू दे. वीस वर्ष तुह्या घरचं ताक पिऊन मोठा झालेला पोरगा, सिंधू. त्याच्यावर तुले शक आला.

मग आता एक मीही सांगते. पोटात ठेवलं होतं, राहू देणार होती.

वीस वर्ष मी प्रत्येक हळदीत उंबऱ्यावर बसून ढोलक वाजवली. तू अंगणात बायांच्या मधात, मी दारात. तू साऱ्याइले कौतुकानं सांगायची, सरवरीले दारातच बसायले आवडते, तिथून आवाज आतबाहेर दोन्हीकडे जाते. गाण्यात पण घातलं म्हणते, मावशी उभी दारात. सिंधू, आवाजासाठी नव्हती बसत मी. पहिल्या लग्नात मले कोणी आत ये म्हटलं नाही. मी दारात थांबली, तू गाणं सुरू केलं, मी तिथंच बसून थाप मारली. नंतर तू विचारलं, इथं काऊन बसली? तर लाज वाटली म्हणून मी म्हटलं, आवाज चांगला येते. तू लगेच खरं मानलं. वीस वर्ष मानलं.

तेव्हा तुले माह्या खोट्यावर शक आला नाही. आता खऱ्यावर येते.

बस्स. खुदा तुले खुशाल ठेवो.

सरवरी

मावशी, हे अम्मींना न सांगता लिहिते, पाकीट मीच टाकणार आहे. तुम्ही लिहिता की त्या दिवशी अम्मींकडून जाहिरात आली. त्या दिवशी फोन दिवसभर माझ्याजवळ होता, मी काही पाठवलं नाही. अम्मींच्या नावापुढे ढोलकचा फोटो मीच लावला, चेहरा नको म्हणाल्या म्हणून. पण ढोलकचा फोटो दुसऱ्या कोणाचाही असू शकतो ना? तुमच्या फोनमध्ये त्या फोटोच्या शेजारी जे काही लिहिलं आहे, ते जसंच्या तसं कागदावर काढून पाठवा. वाचता नाही आलं तरी चालेल, चित्र काढतो तसं काढा. एवढं माझं ऐका.


धाड
९ जानेवारी २०२५

सरवरी, अन् हीना,

सातवीपर्यंत शिकली मी, पण मराठी. फोनमध्ये गणेशनं सारं इंग्रजीत घातलेलं. मी फोटो पाहूनच ओळखत आली. वेगळ्या कागदावर काढून पाठवते. पहिलं अक्षर दोन पोटांचं आहे, दुसरी काठी अन् तिले खाली पाय, तिसरं एका मोठ्या पोटाचं. पुढं लय आहेत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे एकेक मोजून काढले. ते दाबलं तर खाली बारीक आकडा दिसते, ९१२. अन् जे काही येते त्याच्यावर दरवेळी नंबर राह्यते, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव असे. मले वाटलं तुह्याच नंबर. कोणाले पाठ राह्यते आताच्या काळात?

हे हीनानं सांगितलं म्हणून केलं. माह्या मनातलं गेलं असं समजू नको. यातही काही डाव असन तर देव पाहून घेईन.

दाराचं तू आता काढलं. वीस वर्ष बोलली नाही अन् गाण्याचं विचारल्यावर दार निघालं? मले पहिले तर वाटलं, विषय बदलून राह्यली.

पण काल दुपारी उंबऱ्यावर बसून पाह्यलं. अंगणात दीपमालाले बसवलं अन् म्हटलं, गा काहीतरी. सरवरी, तिथून नीट ऐकू येत नाही व. मागून वारा येते, अन् ढुंगणाखाली तो दगड बर्फासारखा लागते. दहा मिनिटं बसली मी. दीपमाला म्हणे, काकू, काय झालं, रडते काऊन? म्हटलं, काही नाही, गा तू.

गाण्याचं मात्र सांगावंच लागन.

सिंधू


देऊळगाव राजा
२७ जानेवारी २०२५

आदरणीय सिंधूमावशी,

मी हीना. हे पत्र माझं आहे. खुर्ची घेऊन बसा आणि मग वाचा.

तुमचा कागद मिळाला. अक्षरं अगदी बरोबर काढलीत, पहिली तीन बी, एल, डी, म्हणजे बुलढाणा. तो अम्मींचा नंबर नाही. ते एका माणसाचं नावच नाही. तो ग्रुप आहे, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोककलावंतांचा. भजनी मंडळं, बँडवाले, डीजेवाले, मंडपवाले, सुपारी देणारे घेणारे, सगळे त्यात आहेत. गणेशभाऊंनी तुम्हाला त्यात घातलं, आणि ग्रुपचा फोटो ढोलकचा आहे. अम्मींचा नंबर तुमच्या नव्या फोनमध्ये कधी आलाच नाही. वर्षभर तुम्ही अम्मींशी जे बोललात, ते नऊशे बारा माणसांशी बोललात. गुलाब, टाळ्या, जाहिराती, सगळं त्यांचं होतं. ते महिला ढोलक पथकही दुसऱ्याच कोणाचं आहे.

मी संजीवनीताईंच्या घरी गेले. त्या ग्रुपमध्ये आहेत. आधी दार अर्धंच उघडलं. मग मी विचारलं, तर त्यांनी फोन समोर ठेवला. मावशी, तुमचा तो शुक्रवारचा निरोप. 'सरवरी, तू चोट्टी आहे, माह्यं गाणं विकलं तू, पुन्हा कोणाच्या हळदीत पाय ठेवायच्या लायकीची नाही.' तो सगळ्यांनी ऐकला. काहींनी पुढे पाठवला. अम्मींची चारही कामं त्याच आठवड्यात गेली.

गाणंही तिथंच आहे, १४ जूनचं, तारीख आणि वेळेसकट. अनुपमाचं ऑक्टोबरमध्ये आलं. ती पण त्याच ग्रुपमध्ये आहे. मी तिला फोन केला. आधी म्हणाली, जुनं पारंपरिक गाणं आहे, कोणाचंच नाही. मी १४ जूनचं सांगितल्यावर म्हणाली, मावशींचं नाव लावते. लावेल तेव्हा खरं. पण पुरावा आहे, नऊशे बारा साक्षीदार आहेत, आणि तो तुमच्या चुकीमुळेच राहिला.

परवा अम्मींना संजीवनीताईंकडे घेऊन गेले. तुमचे एकसष्ट निरोप आहेत. म्हटलं, गाण्याचा आणि शुक्रवारचा ऐका, बाकीचे राहू द्या. नाही म्हणाल्या. पहिल्यापासून लाव म्हणाल्या. दुपारी एक ते साडेचार आम्ही बसलो होतो. पावसात तुमच्या घराची मागची भिंत ओलावली ते, दीपमालाचं जमलं ते, तुम्हाला बिब्बा उतला ते, 'सरवरी, आज उगाच तुह्या घरावरून गेली, कुलूप पाह्यलं अन् परत आली' ते. संजीवनीताई डोळे पुसत होत्या. अम्मींनी पुसले नाहीत. चहा तसाच ठेवून उठल्या.

घरी आल्यावर पत्र लिहू का विचारलं, तर कागद ओढून घेतला. खाली त्यांच्या हातचं आहे.

सिंदू जीथ बोलली तीथच बोल


धाड
३ फेब्रुवारी २०२५

सरवरी,

नमस्कार. सप्रेम, साष्टांग, जे जे लिहितात ते सारं.

नऊशे बारा! आकडा वाचला अन् मी खरंच खुर्चीवरून खाली बसली. मग एकेक आठवायले लागलं. माह्या जावेचं बोलली होती. सरपंचाच्या बायकोच्या पाटल्या खोट्या आहेत ते बोलली होती. अन् ह्यांच्या मुळव्याधीचं सुद्धा, औषधासकट! आता कळलं बाजारात लोक तब्येत काऊन विचारत होते. ह्यांले सांगितलं तर हे दोन दिवस घराबाहेर निघाले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणे, एका बँडवाल्यानं चांगला काढा सांगितला आहे.

हसून राह्यली म्हणून समजू नको की काही वाटत नाही. एवढी लाज मले जन्मात वाटली नाही. म्या संशय कोणावर घेतला? गणेशवर घेतला, हीनावर घेतला, तौसिफवर घेतला. एका माणसावर नाही घेतला, माह्यावर. तुह्यं काम म्या खाल्लं अन् वरून लिहिलं, म्या कोणाजवळ काही बोलली नाही.

तौसिफले वेगळं पत्र आहे, आतच घातलं आहे. त्याले म्हणावं, फाडलं तरी चालन, पण पहिले वाच.

जिथं बोलली तिथं बोल म्हटलं तू. आज दुपारी गणेशले बोलावलं, बटण पुन्हा शिकून घेतलं. कुलूप लावायचं कसं तेही शिकली, म्हणजे बोट दाबून ठेवावं लागत नाही. मग बोलली. काय बोलली ते इथं लिहीत नाही, ते संजीवनीच्या फोनवर ऐकून घे. कमी पडलं असन तर सांग, उद्या परत बोलते. रोज बोलते.

दीपमालाची हळद वीस तारखेले आहे. बोलावणं लिहायले हात होत नाही. कोणत्या तोंडानं लिहू?

तुही
सिंधू


देऊळगाव राजा
११ फेब्रुवारी २०२५

सिंधू,

सलाम.

ऐकलं. खरं सांगू? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मन मानलं नाही. 'मी सिंधूताई, राहणार धाड, सर्व कलावंत बंधुभगिनींना जाहीर सांगते की सरवरीताईंचा यात काहीही दोष नाही.' हे काय तुह्यं बोलणं आहे? बंधुभगिनी! मी हीनाले म्हटलं, हे गणेशनं लिहून दिलं अन् हिनं वाचलं. लोकलाजेची माफी आहे, नऊशे लोकांसाठी आहे, माह्यासाठी नाही. फोन परत दे संजीवनीले.

संजीवनी म्हणे, थांबा, अजून चालू आहे.

अवं, कुलूप लावलं ते काढायचं कोण? तू बोलून झाली अन् ते तसंच चालू राहिलं. फोन ठेवल्याचा आवाज आला. गणेश चप्पल घालून गेला. कुकरची शिट्टी झाली. अन् मग तू तुह्या घरधन्याले, भगवानरावाले विचारलं, 'आता तरी येईन का हो सरवरी?' तू म्हटलं, 'उंबऱ्यावर बसून पाह्यलं म्या. लय थंड आहे हो तो दगड. वीस वर्ष बसली ते तिथं, अन् म्या एकदा तिले आत ये नाही म्हटलं.' अन् मग तू रडली. नऊशे बारा माणसांच्या देखत, पदर तोंडात घालून, नाक ओढत. शेवटी मांजरीले शिव्या दिल्या, तिचाच पाय बटणावर पडला असन, अन् तेव्हा कुठं ते बंद झालं.

त्या बंधुभगिनीवर माह्या भरोसा नव्हता. त्या मांजरीवर बसला.

बाकीचं सांगते. संजीवनीनं तिची सुपारी परत दिली. बाकी तिघींनी नाही दिली. एकीले विचारलं तर म्हणे, ते चोरीचं ऐकलं होतं, नंतरचं काही ऐकलं नाही. बोललेलं पोचते, परत घेतलेलं नाही पोचत, ते मले कळून चुकलं. त्याचा राग आहे, अन् काही दिवस राहीन. तो मले धरू दे.

अनुपमानं तुह्यं नाव लावलं. हीनानं दाखवलं. पण इतक्या खाली, इतकं बारीक, की एक शब्द दाबला तेव्हा उघडते. हीना तिच्या मागं लागली आहे, वर लाव म्हणून. ती लावते म्हणते. पाहू.

तौसिफनं पत्र फाडलं नाही. वाचलं अन् दुकानात नेलं. काल मोटर भरता भरता तेच गाणं गुणगुणून राह्यला होता, धाडच्या बाजाराचं. जालन्याचं नाही.

एक गोष्ट मात्र सारखी डोक्यात येते. इकडे रोज कुठं ना कुठं ते डीजेवर वाजते. नवरी कोणीही असो, अर्चना असो, शबाना असो, हळद पुष्पांजलीचीच लागते. आपण तिले जित्या पोरींपासून वेगळी काढली होती, खोलीच्या बाहेर जाऊ दिली नव्हती. आता साऱ्या जिल्ह्यात तिची हळद होऊन राह्यली, अन् दोघी आया घरी बसून भांडून राह्यल्या. मले हसू आलं, अन् मग हीनानं पाणी आणून दिलं.

वीस तारखेले पहिल्या गाडीनं निघते, चिखलीले बदलीन, अकरापर्यंत धाडले येते. ढोलकची ढिली बाजू तौसिफनं ओढून दिली. दीपमालाले म्हणावं, तिच्या हळदीत तिचंच नाव राहीन. डीजे लावला तर मी परत जाईन.

अन् मी दारात बसणार नाही, सिंधू. अंगणात जागा ठेव.

सरवरी